मुक्त लेखन : सुरुवात कशी करावी, काम कुठे शोधावे

नोकरी न करता कामागणिक मोबदला घेऊन लिहितो तो मुक्त लेखक. जयंतीच्या स्मरणिकांमध्ये उत्तम लिहिणारे अनेक तरुण आम्ही पाहतो. पण याच लेखणीवर घर चालेल का, या प्रश्नावर ते गप्प होतात. त्यांच्यासाठी ही माहिती.

कामे कोणती? लेख हा यातला लहान भाग. इंग्रजी-मराठी अनुवाद, मुद्रितशोधन, सबटायटल, माहितीपत्रके, जाहिरातीचा मजकूर, संस्थांचे वार्षिक अहवाल आणि शैक्षणिक व्हिडिओंच्या संहिता यांत काम अधिक नियमित मिळते.

तयारी. युनिकोडमध्ये वेगाने टाइप करता आले पाहिजे. शासनमान्य लेखननियम पक्के हवेत. तीन-चार नमुने तयार ठेवा. छापून आलेले काही नसेल, तर एखाद्या शासकीय परिपत्रकाचे एक पान सोप्या मराठीत आणून दाखवा.

काम कुठे? प्रकाशक, मुद्रणालये, अनुवाद संस्था आणि स्वयंसेवी संस्था यांना चार ओळींचे पत्र पाठवा: आपण काय करतो, किती दिवसांत करतो, सोबत एक नमुना. म्हैसूरच्या राष्ट्रीय अनुवाद मिशनकडे अनुवादकांची नोंदवही आहे, तिथेही नाव नोंदवावे. काम देण्याआधी ‘नोंदणी शुल्क’ मागणाऱ्यापासून दूर राहा. लेखक पैसे घेतो, देत नाही.

दर. समजा, तुमची रोजची गरज ९०० रुपये आहे आणि दिवसाला १,५०० शब्दांचा नीट अनुवाद होतो. हिशेब शब्दाला ६० पैसे येतो. पण महिन्यात कामाचे दिवस १५च मिळाले, तर तोच दर १ रुपया २० पैसे हवा. रिकामे दिवस मोजायला नवीन माणूस हमखास विसरतो.

लेखी ठरवा. शब्दसंख्या, दर, मुदत, किती वेळा दुरुस्ती आणि पैसे कधी, हे ईमेलवर घ्या. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार मुक्त लेखकाच्या मजकुराचा पहिला मालक तोच असतो आणि हक्क लेखी करारानेच दुसऱ्याकडे जातात. म्हणून ‘सर्व हक्क’ असे शब्द दिसले की सही करण्याआधी थांबा.

मोठ्या संस्था मोबदल्यातून टीडीएस कापतात. आपले उत्पन्न करपात्र नसेल, तर विवरणपत्र भरून ती रक्कम परत मिळते. त्यासाठी पॅन आणि बिलांची वही ठेवा. ‘उद्यम’ नोंदणी विनाशुल्क आहे. ती काम घेण्याआधीच केलेली असेल, तर २००६च्या कायद्याने जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळण्याचा हक्क येतो आणि उशिरावर व्याजही मागता येते.

फुकट लेखन. चळवळीसाठी विनामोबदला लिहिणे हा आपला निर्णय, तो आनंदाने घ्यावा. पण नफा कमावणारा ‘नाव होईल’ म्हणत फुकट लिहून घेत असेल, तर ती वेठ आहे. आपल्या आजोबा-पणजोबांनी वेठ नाकारली, ती लेखणीच्या रूपाने परत स्वीकारायची नाही.

पहिल्या वर्षी दुसरे उत्पन्न सोडू नका. या आठवड्यात एक नमुना पूर्ण करा आणि पाच ठिकाणी पाठवा. उत्तर नाही आले, तर पंधरा दिवसांनी पुन्हा विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.