वाळूंतून परतलेली मोटार



ज्या यंत्रापायीं त्याच्या चालकाचा प्राण गेला, तें उकरून पुन्हां चालूं करावें काय? वेल्स देशांतील ‘बॅब्स’ नामक मोटारीचा इतिहास या प्रश्नाचें उत्तर देतो.

काउंट झ्बोरोव्स्की यांच्यासाठीं बांधलेली ही गाडी त्यांच्या निधनानंतर जे. जी. पॅरी-थॉमस या अभियंत्यांनीं विकत घेऊन सुधारली. तिच्यांत विमानाचें २७ लिटरचें ‘लिबर्टी’ इंजिन होतें. एप्रिल १९२६ मध्यें पेंडाइनच्या समुद्रकिनाऱ्यावर तिनें ताशीं १७१ मैल वेगाचा जागतिक विक्रम केला. माल्कम कॅम्बेल यांनीं तो मोडल्यावर, परत मिळविण्याच्या प्रयत्नांत, ३ मार्च १९२७ रोजीं पॅरी-थॉमस तेथेंच मृत्यु पावले. शोकाकुल सहकाऱ्यांनीं भग्न गाडी वाळूंत पुरली.

१९६९ सालीं ओवेन विन ओवेन या तंत्रशिक्षकांनीं, जागा लष्कराच्या ताब्यांत असल्यामुळें रीतसर परवानगी मिळवून, ती उकरून काढली. ४२ वर्षांच्या खाऱ्या ओलीनें पत्रा खाऊन टाकला होता. तथापि शक्य तितके मूळ भाग राखून, अनेक वर्षें खपून, त्यांनीं तें इंजिन पुन्हां गर्जतें केलें.

शिवाय गाडीनें साक्षही दिली. तुटलेल्या साखळीच्या आघातानें पॅरी-थॉमस गेले, अशी समजूत होती. अवशेष पाहिल्यानंतर, मागील चाकाचा बिघाडच मूळ कारण असावा, असें मत पुढें आलें.

पुरणारांच्या ठायीं जितका आदर होता, तितकाच उकरणाराच्याही ठायीं होता. आणि मृताच्या श्रमांची ओळख पुढील पिढीस या दुसऱ्यानेंच करून दिली.