पालि 'अंगार' आणि मोरियांचा स्तूप

दीघनिकायातील महापरिनिब्बान सुत्ताच्या अखेरीस दहा स्तूपांची नोंद आहे. त्यांपैकी आठ तथागतांच्या शरीरधातूंवर, नववा द्रोण ब्राह्मणाने मागून घेतलेल्या कुंभावर आणि दहावा पिप्पलिवनाच्या मोरियांनी उभारलेला 'अंगारथूप' होय. मोरियांचा दूत कुसिनारा येथे पोहोचला तेव्हा धातूंची वाटणी होऊन गेली होती. म्हणून त्यांनी चितेचे अंगार नेले. हे अंगार म्हणजे नेमके काय, याचा आम्ही येथे विचार करीत आहोत.

मराठी वाचकास प्रथम 'राख' हाच अर्थ सुचतो, कारण आपल्याकडे कपाळी लावावयाच्या पवित्र राखेस 'अंगारा' म्हणतात. परंतु हा अर्थ सुत्ताशी जुळत नाही. राखेसाठी पालीत 'छारिका' हा स्वतंत्र शब्द आहे आणि याच सुत्तात तो येतो. भगवंतांच्या देहाचे दहन झाल्यावर त्वचा, मांस, स्नायू यांची ना छारिका दिसली ना मसी, म्हणजे काजळी. केवळ धातू उरले, असे तेथे सांगितले आहे. तेव्हा मोरियांना मिळाली ती देहाची रक्षा नव्हे, तर सुगंधी द्रव्यांच्या चितेतील जळालेले इंधन होय.

एरव्ही पालीत अंगार म्हणजे धगधगता निखारा. मज्झिमनिकायातील पोतलिय सुत्तात कामभोगांना अंगारांच्या खाईची उपमा दिली आहे. त्या अंगारांना ना ज्वाळा, ना धूर. खदिरंगार जातकातही (क्रमांक 40) दान देण्यास निघालेल्या बोधिसत्त्वाच्या वाटेत मार खैराच्या निखाऱ्यांची खाई निर्माण करतो. प्राकृत 'इंगाल' या रूपातून आलेल्या मराठी 'इंगळ' शब्दाने हाच अर्थ जपला आहे. कुसिनारा येथील चिता मात्र पाण्याने विझविली गेली होती. म्हणून तेथे अंगार म्हणजे विझलेला कोळसा असेच समजले पाहिजे. जळता निखारा आणि विझलेला कोळसा, दोहोंस पालीत एकच शब्द चालतो.

चिनी यात्रेकरूंची साक्षही लक्षणीय आहे. पाचव्या शतकाच्या आरंभी आलेला फाहियान या स्तूपास 'कोळशाचा स्तूप' म्हणतो. सातव्या शतकातील ह्युएनत्संग 'राख व कोळसा' असा जोडशब्द वापरतो आणि ते नेणारे ब्राह्मण होते असे सांगतो. दोन शतकांत कोळशासोबत राखही आली आणि मोरियांचे नाव गळाले.

हा केवळ कोशाचा प्रश्न नाही. 'राख' म्हटले की मोरियांनाही देहाचाच काही अंश मिळाला असा समज होतो. सुत्ताचे सांगणे वेगळे आहे. उशिरा आलेल्यांच्या हाती धातू नव्हे, चितेचा कोळसा आला. तरीही त्यांनी इतरांप्रमाणेच स्तूप उभारला, उत्सव केला, आणि सुत्ताने त्यांचा स्तूप त्याच गणनेत दहावा म्हणून नोंदविला. अनुवादकांनी येथे 'कोळसा' हाच शब्द योजावा, असे आम्हांस वाटते.