महाराजपूरची धावपट्टी

महाराजपूर हे नाव उच्चारताच मराठी इतिहासाच्या वाचकास २९ डिसेंबर १८४३ हा दिवस आठवतो. त्या दिवशी महाराजपूर व पनिहार या दोन रणांगणांवर इंग्रजांनी शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला आणि पाठोपाठच्या तहाने संस्थानच्या सैन्यबळावर कडक मर्यादा घातली. पुढे सुमारे शंभर वर्षांनी ग्वाल्हेरचा लष्करी विमानतळ याच नावाने ओळखला जावा, हा योगायोग विचार करावयास लावणारा आहे.

ग्वाल्हेरचा विमानांशी संबंध धावपट्टीच्याही आधीचा. १९३० च्या दशकाच्या अखेरीस इम्पीरियल एअरवेजची जलविमाने कराचीहून कलकत्त्याकडे जाताना मेवाडातील राजसमंदनंतर ग्वाल्हेरजवळच्या माधोसागर जलाशयावर उतरत. तिकडे मारवाडच्या वाळवंटात जोधपूरचे महाराजा उमेदसिंह यांनीही विमानविद्येस राजाश्रय दिला होता. महाराजपूरचा तळ दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, जिवाजीराव शिंदे यांच्या कारकिर्दीत, १९४२ साली उभा राहिला. १९४८ मध्ये संस्थान मध्य भारतात विलीन झाले.

सीमेलगतचे वाळवंटी तळ आणि ग्वाल्हेर यांचे कार्य परस्परपूरक आहे. डिसेंबर १९७१ मध्ये लोंगेवाल्यावर चालून आलेले पाकिस्तानी रणगाडे जैसलमेरहून उडालेल्या हंटर विमानांनी उद्ध्वस्त केले. शत्रूवर तत्काळ झडप घालणे अशा तळांस साधते. परंतु शत्रूचा पहिला घावही त्यांनाच सोसावा लागतो. ग्वाल्हेर देशाच्या अंतर्भागात असल्याने तेथे मोलाची विमाने तुलनेने सुरक्षित राहतात आणि हवेतच इंधन भरण्याच्या सोयीमुळे अंतराची उणीव भरून निघते.

१९८५ मध्ये फ्रान्सहून मिराज २००० विमाने येथे आली. मिराज म्हणजे मृगजळ. भारतीय वायुसेनेने मात्र त्यांस ‘वज्र’ हे नाव दिले. १९९९ च्या कारगिल युद्धात लेसरने मार्गदर्शित केलेल्या बॉम्बचा मारा करून त्यांनी ते सार्थ केले. हवाई डावपेचांचे शिक्षण देणारी वायुसेनेची संस्था २००० साली जामनगरहून येथे आली. २६ फेब्रुवारी २०१९ च्या पहाटे बालाकोटवर गेलेल्या मिराज विमानांनी याच धावपट्टीवरून उड्डाण केले.

या पराक्रमाचे मोल शांततेच्या काळातही द्यावे लागते. २८ जानेवारी २०२३ रोजी येथून सरावासाठी निघालेली सुखोई व मिराज ही दोन विमाने मुरैना परिसरात कोसळली आणि मिराजच्या वैमानिकास वीरमरण आले. त्याआधी काही महिनेच, १७ सप्टेंबर २०२२ रोजी, नामिबियातून आणलेले आठ चित्ते कूनोच्या वाटेवर येथेच उतरले होते. एकाच भूमीने असे भिन्न प्रसंग पाहिले.

१८१० साली दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून जे नगर वाढले, ते आजही ‘लष्कर’ म्हणूनच ओळखले जाते. महाराजपूरचा तळ ही त्या परंपरेतील अर्वाचीन छावणी होय. पूर्वीच्या फौजेचे निष्ठास्थान एक गादी होते, आजच्या सेनेचे निष्ठास्थान संपूर्ण राष्ट्र आहे. किल्ल्याच्या इतिहासाला ग्रंथालयांच्या कपाटांत मानाचे स्थान मिळाले. त्याच्या शेजारी या धावपट्टीच्या इतिहासासही जागा मिळणे उचित ठरेल.