उसाच्या काट्यापासून पुण्यापर्यंत: दूरच्या प्रोसेसरला बोलते करणाऱ्या तारेचा इतिहास

१/११
मुरगूड परिसरात गळीत हंगाम सुरू झाला की उसाने भरलेल्या ट्रॉल्या रस्त्याला लागतात. कारखान्याच्या काट्यावर गाडी चढते, आकडा उमटतो आणि वर्ष-दीड वर्षाच्या कष्टाचा हिशेब त्यावर ठरतो. ‘काटामारी’ म्हणजे काय, हे कागल तालुक्यात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. आकडा काढणाऱ्या यंत्राच्या अंतरंगात डोकावण्याची विद्या कशी घडली, त्याचा हा धागा.

२/११
इलेक्ट्रॉनिक काट्याच्या फलाटाखाली लोडसेल असतात. भाराने त्यांच्यावर ताण येतो, विद्युतदाबात सूक्ष्म फरक पडतो आणि एक छोटा प्रोसेसर त्या फरकाचे वजनात रूपांतर करतो. यंत्राच्याच पोटात बसवलेला असा प्रोसेसर म्हणजे ‘एम्बेडेड’ प्रोसेसर. कार्यालयातील संगणकाशी तो बहुधा एका सिरीयल तारेने जोडलेला असतो.

३/११
या तारेची वंशावळ तारायंत्रापर्यंत जाते. फ्रेंच तारखात्यातील एमिल बोदो यांनी १८७४ साली पाच संकेतांच्या लिपीचे पेटंट घेतले. त्यांच्याच नावावरून संकेतांच्या वेगाच्या एककाला ‘बॉड’ म्हणतात. पुढे १९६० साली अमेरिकेत आरएस-२३२ हे मानक ठरले. टेलिप्रिंटर आणि मोडेम यांची जोडणी हा त्याचा मूळ हेतू होता.

४/११
सिरीयल तारेवर अक्षरातील बिट एकामागोमाग एक जातात: आरंभाचा एक, मजकुराचे आठ, समाप्तीचा एक. ठोका मोजणारी वेगळी तार नसते, म्हणून वेग दोन्ही टोकांनी आधीच ठरवावा लागतो. एका बाजूस ९६०० बॉड आणि दुसरीस १९२०० असेल, तर केवळ निरर्थक चिन्हे उमटतात. एकाची पाठवणारी तार दुसऱ्याच्या ऐकणाऱ्या टोकाला जोडावी लागते, आणि दोघांची ‘ग्राउंड’ तार सामाईक असावी लागते. नवशिक्यांचे पहिले अपयश बहुधा याच तीन ठिकाणी असते.

५/११
एम्बेडेड प्रोसेसरातील चूक शोधणे एके काळी तपश्चर्याच होती. प्रोग्राम ईप्रॉम चिपमध्ये भरायचा, चिप बसवायची, एखादा दिवा लागतो का ते पाहायचे. चुकले तर चिप अतिनील प्रकाशाखाली सुमारे वीस मिनिटे ठेवून पुसायची आणि पुन्हा आरंभ. प्रोसेसरच्या जागी बसणारे ‘एम्युलेटर’ उपलब्ध होते, पण ते फार महाग असत.

६/११
१९८६ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी जीडीबी हा मुक्त डीबगर लिहिला. चालता प्रोग्राम थांबवून त्याची अंतःस्थिती दाखवणारे साधन म्हणजे डीबगर. पुढे त्यात दूरच्या चिपशी तारेवरून बोलण्याची सोय आली. मुख्य डीबगर टेबलावरील संगणकात राहतो, चिपमध्ये केवळ ‘स्टब’ नावाचा छोटा प्रतिनिधी ठेवायचा. त्यासाठी अभियंत्याने तीन गोष्टी पुरवायच्या: तारेवरून एक अक्षर घेणे, एक अक्षर देणे, आणि प्रोसेसर अडला की सूत्रे स्टबच्या हाती जाणे.

७/११
मग संगणकावर आधी ‘सेट सिरीयल बॉड’ने वेग सांगायचा आणि ‘टार्गेट रिमोट’ने तारेचे द्वार. पुढचा संवाद वाचनीय अक्षरांत चालतो. प्रत्येक निरोपाच्या आरंभी डॉलरचे चिन्ह, शेवटी दोन अंकी पडताळा. सर्व रजिस्टरे मागण्यासाठी इंग्रजी ‘जी’ हे एकच अक्षर पुरते. त्याचा आस्की क्रमांक १०३, षोडशमान पद्धतीत ६७, तोच पडताळा. निरोप नीट पोचला तर अधिकचे चिन्ह परत येते, बिघडला तर उण्याचे, आणि निरोप पुन्हा पाठवला जातो.

८/११
एक हिशेब करून पाहा. ९६०० बॉडला सेकंदात ९६० अक्षरे जातात. ६४ किलोबाइट स्मृती वाचायची तर प्रत्येक बाइटला दोन अक्षरे, म्हणजे १,३१,०७२ अक्षरे: सव्वादोन मिनिटांहून अधिक. १,१५,२०० बॉडला हेच काम बारा सेकंदांच्या आत होते. म्हणूनच प्रोग्रामातील नावांची सूची संगणकावर ठेवतात आणि चिपकडे मोजकेच मागतात.

९/११
या कथेत महाराष्ट्राचा वाटा पुण्याचा आहे. १९९० साली तेथे स्थापन झालेली केपीआयटी २००२ मध्ये कमिन्स इन्फोटेकच्या विलीनीकरणानंतर केपीआयटी कमिन्स झाली. तिच्या अभियंत्यांनी रेनेसास या जपानी कंपनीच्या एसएच आणि एच८ प्रोसेसरांसाठी ग्नू साधनसंच सिद्ध केला: कंपायलर, लिंकर आणि जीडीबी डीबगर. जगभरातील अभियंत्यांना तो विनामूल्य मिळे, शंकानिरसनही विनामूल्य होई. हे प्रोसेसर आपल्या पिढीला अपरिचित नाहीत. सेगा सॅटर्न या खेळयंत्रात दोन एसएच-२ होते. १९९८ च्या लेगो माइंडस्टॉर्म्सच्या विटेत एच८ होता.

१०/११
मात्र या विद्येला दुसरी बाजूही आहे. जी तार स्मृती वाचते, तीच स्मृती बदलूही शकते. वजनाच्या गुणकात चिमूटभर फेरफार झाला, तर खोट्या वजनाचाही आकडा तितक्याच ठामपणे उमटेल. म्हणून यंत्र घडवताना उघडा ठेवलेला हा दरवाजा ते बाजारात जाण्यापूर्वी बंद करावा लागतो. काट्याला वैधमापन विभागाची पडताळणी आणि मोहर लागते, ती याच कारणाने.

११/११
पूर्वी तराजूची दांडी डोळ्यांसमोर असे. पासंग पकडण्यास नजर पुरे. आता दांडी चिपच्या आत गेली आहे. आत पाहण्याची साधने मुक्त आहेत, त्यांच्या घडणीत मराठी मुलखातील हातही आहेत. मुरगूडच्या एखाद्या विद्यार्थ्याने जुना संगणक, एक स्वस्त बोर्ड आणि तीन तारा घेऊन हा संवाद स्वतः करून पाहावा. काट्यावरील मोहर नेमके कशाचे रक्षण करते, हे त्याला मग स्वतःच्या अनुभवाने कळेल, आणि ती तुटलेली दिसली तर कोणता प्रश्न विचारायचा, हेही.