प्रीमियर पद्मिनी : विद्युत दोषशोधन

मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कारखान्यात बनलेली, इटलीच्या फियाट ११०० वर आधारलेली मोटार. तिची १२ व्होल्टची विद्युत यंत्रणा साधी असल्याने बहुतेक दोष मल्टिमीटर आणि टेस्ट लॅम्प घेऊन घरीच शोधता येतात.

बॅटरीचे ऋण टोक बॉडीला जोडलेले असते आणि दिव्यांचा परतीचा प्रवाह पत्र्यातून जातो. म्हणून पहिला संशय गंजलेल्या अर्थिंगवर घ्यावा. इंडिकेटर लावताच पार्किंगचा दिवाही लुकलुकू लागला, तर परतीच्या प्रवाहाने भलतीच वाट धरली आहे असे समजावे. येथे केवळ सलगता तपासणे फसवे ठरते : एकच तंतू शिल्लक असलेली तारही मीटरला निर्दोष दिसते, पण दिव्याचा भार पेलत नाही. खरी परीक्षा दिवा चालू ठेवूनच करावी. मीटरचे एक टोक होल्डरच्या धातूला, दुसरे बॅटरीच्या ऋण टोकाला लावल्यावर सुमारे ०.२ व्होल्टहून अधिक दाब दिसला, तर जोड उघडून पत्रा चकचकीत होईपर्यंत घासावा.

पूर्ण चार्ज झालेली बॅटरी विश्रांतीनंतर सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिनाचा वेग वाढवूनही हा आकडा चढला नाही, तर पट्टा, डायनॅमो किंवा आल्टरनेटर आणि रेग्युलेटर तपासावेत.

फ्यूज वारंवार उडत असल्यास जाड तार बसवणे हा उपाय नव्हे. त्याने वायरिंग पेटते. तारांना हात घालण्यापूर्वी बॅटरीचे ऋण टोक सोडवावे, म्हणजे पाना बॉडीला टेकला तरी ठिणगी पडत नाही.