शाळेचा कागद, आजीचं अंगण

सरकारी कागदावर 'वृद्धाश्रम' हा शब्द जुना आहे. राज्याची वृद्धाश्रम योजना 1963 ची. पुरुषाला 60 आणि बाईला 55 वर्षं पुरी झाली की प्रवेश. पुढं 1995 साली 'मातोश्री' वृद्धाश्रम निघाले. 2007 च्या कायद्यानं तर प्रत्येक जिल्ह्यात निराधार म्हाताऱ्यांसाठी किमान 150 जणांचं एक तरी घर असावं, असं म्हटलं. आमच्या गावात मात्र तो शब्द कुणी तोंडातून काढत नसे. कुणाची म्हातारी तिकडं गेली, तर 'लेकीकडं गेलीय' म्हणायचं नि विषय बदलायचा.

ह्या बाया घर सोडून गेल्या तेव्हा त्यांच्या हातातली चित्रंही गेली. जुन्या घरात चित्र काढणं हे थोरल्या बाईचंच खातं. पंचमीला भिंतीवर नाग, चातुर्मासात 33 गोपद्मं, आणि चैत्रात गौर बसली की अक्षय्य तृतीयेपर्यंत दारात चैत्रांगण. सारवलेल्या जमिनीवर पांढरी रांगोळी, वर हळद-कुंकवाची चिमूट. त्यात पाळण्यातली गौर, चंद्र-सूर्य, शंख, तुळस, कासव, लक्ष्मीची पावलं, अगदी फणी-आरसासुद्धा. चैत्रांगण काही सगळ्याच आळ्यांत नसायचं, पंचमीचा नाग मात्र बहुतेक घरी. छापील नमुना नाही की वही नाही. सासूच्या चिमटीतून सुनेच्या चिमटीत उतरायचं, एवढंच.

शाळेतली चित्रकला वेगळीच. एलिमेंटरी, इंटरमिजिएट, घागर-फळांचं स्थिरचित्र, संकल्पचित्र. तिला मार्क होते, आजीच्या चित्राला नव्हते. पालघरकडच्या वारली सवाशिणी लग्नाचा चौक भिंतीवर लिहीत आल्या. 1970 नंतर जिव्या सोमा मशे यांच्या हातून ती कला कागदावर आली, जगभर गेली. 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आज आमची पोरं वारली तारपानृत्य झकास काढतात. स्वतःच्या उंबऱ्यावर काय काढत होते, ते विचारलं तर गप्प.

म्हणून सातवीची पोरं चित्रं घेऊन तालुक्याच्या वृद्धाश्रमात गेली, तेव्हा मीही मागं गेलो. निम्म्या कागदांवर दोन डोंगर, मधून सूर्य आणि नारळाची झाडं. आमच्या दुष्काळी पट्ट्यात नारळ! म्हातारी माणसं 'छान छान' म्हणत होती. एका मुलीनं छापील पुस्तकात बघून चैत्रांगण काढलं होतं. ते हातात घेऊन एक आजी बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आगं पोरी, लक्ष्मी भायेर कुठं निघाली? आत वळीव तिला."

पावलं खरंच उलटी होती.

आजीनं रांगोळी मागितली. व्यवस्थापक भला माणूस, पण म्हणाला, फरशीवर नको, कुणी घसरून पडेल. त्याचंही खोटं नव्हतं. शेवटी कॉटवर कोरा कागद पसरला. आजीची बोटं थरथरत होती, खडू धरवेना. मुलीनं तिचं मनगट धरलं, आणि कुणी कुणाला शिकवतंय ते कळेनासं झालं. शेजारच्या खाटेवरची दुसरी आजी उठून बसली. "आमच्यात तुळस डावीकडं असती," म्हणाली. त्यावरनं दोघींत चांगली जुंपली.

पुढच्या शनिवारी स्वयंपाकघरामागची हातभर मोकळी जमीन पोरांनी सारवली. वृद्धाश्रमात शेण कुठलं असणार? ते एका पोरानं घरून आणलं होतं, जेवणाच्या डब्याच्या पिशवीतून.