पी-५३ : दहा वर्षांचा गैरसमज

पाठ्यपुस्तकात शोध सरळ रेषेत लागलेले दिसतात. अमुक साली अमक्याने शोध लावला, एवढे वाक्य येते आणि धडा पुढे सरकतो. प्रत्यक्षात वाट किती वाकडी असते, हे विद्यार्थ्यांना दाखवायचे असेल तर पी-५३ या प्रथिनाची हकीकत जरूर सांगावी.

एसव्ही-४० हा माकडांमध्ये आढळणारा विषाणू. प्रयोगशाळेत तो उंदरांच्या पेशींना कर्करोगी बनवतो. हे काम त्याचे टी-अँटिजेन नावाचे प्रथिन करते. १९७९ साली लंडनमध्ये डेव्हिड लेन व लायनेल क्रॉफर्ड यांना, तसेच अमेरिकेत प्रिन्स्टन येथे अरनॉल्ड लेव्हिन यांच्या गटाला असे आढळले, की टी-अँटिजेन वेगळे काढताना त्याला चिकटून आणखी एक प्रथिन बाहेर येते. ते विषाणूचे नव्हते, पेशीचेच होते. जेलवरील अंतरावरून त्याचे वजन ५३ हजार डाल्टन भरले, म्हणून नाव पडले पी-५३. खरे वजन ४४ हजारांच्या आसपास आहे, हे नंतर कळले. त्याच्या विशिष्ट रचनेमुळे ते जेलमधून सावकाश सरकते. म्हणजे गैरसमजाची सुरुवात नावापासूनच झाली!

कर्करोगी पेशींत हे प्रथिन भरपूर सापडे, निरोगी पेशींत जवळजवळ नाहीच. साहजिकच संशय त्याच्यावर गेला. १९८४ साली काही प्रयोगशाळांनी पी-५३चे जनुक ‘रास’ या दुसऱ्या जनुकाबरोबर उंदराच्या पेशींत घातले आणि त्या पेशी कर्करोगी झाल्या. आरोप सिद्ध झाला असे वाटले. पी-५३ची गणना कर्करोग घडवणाऱ्या जनुकांत होऊ लागली.

एक गोष्ट मात्र खटकत होती. लेव्हिन यांच्याकडील जनुकाचा नमुना काही केल्या पेशींना कर्करोगी करीना. नमुने शेजारी शेजारी ठेवून अक्षरन् अक्षर ताडून पाहिल्यावर उलगडा झाला. ज्या नमुन्यांनी कर्करोग घडवला त्यांच्यात बिघाड, म्हणजे उत्परिवर्तन होते. धड जनुक घातले, तर ते उलट कर्करोगी वाढ रोखत होते! हे १९८९ साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील बर्ट व्होगेलस्टाइन यांच्या गटाने मोठ्या आतड्याच्या कर्करोगात पाहिले, की पी-५३ची एक प्रत गुणसूत्राच्या तुकड्याबरोबर नाहीशी झालेली आहे आणि उरलेली बिघडलेली आहे.

सायकलला दोन ब्रेक असतात. एक तुटला तरी सायकल थांबते, दोन्ही तुटले की उतारावर धडगत नाही. डोळ्यातील रेटिनोब्लास्टोमा या गाठीबाबत आल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ साली असाच तर्क मांडला होता. पी-५३ हाही पेशीचा ब्रेकच होता.

मग कर्करोगी पेशींत तो एवढा साठतो का? निरोगी पेशीत पी-५३ सतत तयार होते आणि लगेच नष्टही केले जाते. डीएनएला इजा झाली, की ते नष्ट होणे थांबते आणि त्याचे प्रमाण वाढते. ते पेशीचे विभाजन थांबवून दुरुस्तीला अवधी देते आणि दुरुस्ती अशक्य असेल तर पेशीला मरण पत्करायला लावते. एमडीएम-२ हे प्रथिन त्याला नष्ट करवते, पण एमडीएम-२ तयार करण्याचा हुकूमही पी-५३च देते. बिघडलेल्या पी-५३ला हा हुकूम देता येत नाही, म्हणून ते साचत जाते. संशोधकांनी जी गर्दी पाहिली होती, ती निकामी राखणदारांची होती.

याचाच निदानात उपयोग होतो. गाठीच्या कापावर पी-५३ दाखवणारा रंग दिला आणि बहुतेक सर्व केंद्रके गडद दिसली, तर बिघाडाचा संशय येतो. रंग अजिबात चढला नाही तरीही संशय येतो, कारण प्रथिनच बनत नसेल. एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगात (क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया) हे जनुक आधी तपासतात. नेहमीची केमोथेरपी डीएनएला इजा करून पेशी मारते, पण ती इजा ओळखणारा पी-५३च निकामी असेल तर औषध फारसे चालत नाही. अशा रुग्णाला वेगळी औषधे देतात.

उपचाराचे लक्ष्य म्हणून मात्र पी-५३ अवघड आहे. बहुतेक औषधे एखाद्या प्रथिनाचे काम बंद पाडतात. येथे बंद पडलेले काम सुरू करायचे आहे. २००३ साली चीनने धड जनुक पेशीत पोचवणाऱ्या उपचाराला मान्यता दिली, पण तो जगभर रुळला नाही. २००४ साली एमडीएम-२ला अडवणारी नटलिन ही संयुगे प्रसिद्ध झाली. ती उपयोगी पडतात ती पी-५३ धड असलेल्या गाठींतच.

राखणदाराला आधीच वाचवणे अधिक सोपे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारण होणारा एचपीव्ही विषाणू पेशीतील पी-५३ नष्ट करवतो. हा विषाणू लसीने रोखता येतो. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या अशा लसीला २०२२ साली भारतात परवानगी मिळाली.

वर्गात ही हकीकत १९८४पर्यंत सांगून थांबावे आणि विचारावे : आता तुमचा निकाल काय? बहुतेक मुले पी-५३ला दोषी ठरवतील. मग लेव्हिन यांच्या न चाललेल्या नमुन्याची गोष्ट सांगावी.